प्रत्यार्पणाला दुसरा देश ‘नाही’ का म्हणतो? (आमच्या घरात पडलेला प्रश्न)

पारसिकवाला | रात्री ९:४०

बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून जे हातात आलं, त्यातले निम्म्याहून जास्त पैसे त्यांनी वाशीत ऑफिस थाटलेल्या एका योजनेत घातले. दर महिन्याला व्याज, दिवाळीला बोनस. चौदा महिने व्याज आलं, मग थांबलं, मग शटर खाली. गुन्हा नोंदला गेला, दोन एजंट आत गेले, मुख्य माणूस परदेशात. कोणी लंडन म्हणतं, कोणी दुबई. नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे.

आमच्या ठेवीदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एकच चर्चा: रेड कॉर्नर निघाली, आता महिन्याभरात आणतात की नाही बघा. परवा एका मावशींनी विचारलं, “तो देश म्हणाला देत नाही, तर?” त्यावर दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. रात्री जेवताना बाबांनी मला तेच विचारलं. “चोर तो चोर. नाही कसं म्हणतील?” मला सांगता आलं नाही.

म्हणून हा धागा. पैसेवाल्यांचं सगळीकडे चालतं, हे आम्हाला माहीत आहे. मला कायद्यातली कारणं हवी आहेत, बाबांना बसून समजावता येतील अशी.

घणसोली | रात्री १०:०५

मी त्याच योजनेतला आहे बहुतेक. बायकोचे दागिने मोडून पैसे भरले होते. कायदा वगैरे आपल्यालाच असतो हो. भोपाळचा अँडरसन दिला का अमेरिकेने? मुंबई हल्ल्याच्या कटातला हेडली दिला का? ज्याला द्यायचं नसतं त्याला कारण सापडतं.

उपवन | रात्री १०:१२

वाचतोय. चांगला विषय.

कोर्टनाका | रात्री ११:३०

पारसिकवाला, बाबांना आधी एवढं सांगा की रेड कॉर्नर नोटीस म्हणजे अटकेचं वॉरंट नव्हे. इंटरपोल सभासद देशांना कळवतं की हा माणूस अमक्या देशाला हवा आहे. पुढे त्याला पकडायचं का, हे तो देश आपल्या कायद्याने ठरवतो. पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातल्या मेहुल चोक्सीची नोटीस २०२३ मध्ये मागेही घेतली गेली होती, आणि तरी २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याला बेल्जियममध्ये अटक झाली. म्हणजे नोटीस असली की माणूस येतो असंही नाही, नसली की सुटतो असंही नाही.

खरं काम मागणीच्या कागदांवर चालतं. तपास अधिकारी, कोर्टाचं वॉरंट, राज्याचं गृह खातं, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय, तिथून त्या देशाकडे. आपला प्रत्यार्पण कायदा १९६२ चा. चाळीसहून जास्त देशांशी आपले करार आहेत. प्रत्येक करारात नकाराची कारणं आधीच लिहिलेली असतात, आणि त्यावर आपण सही केलेली असते. नकार आला की तो देश आपल्याला फसवतोय असं वाटतं, पण तो बहुतेक वेळा आपणच मान्य केलेलं एखादं कलम दाखवत असतो.

घणसोली, तुमचा राग मी रोज कोर्टात बघते, त्यामुळे तो खोटा म्हणणार नाही. पण तुम्ही दिलेली दोन उदाहरणं एका माळेतली नाहीत. अँडरसनच्या, म्हणजे युनियन कार्बाइडच्या प्रमुखाच्या, बाबतीत अमेरिकेने २००४ मध्ये मागणी फेटाळली ती करारातल्या अटी पूर्ण होत नाहीत असं सांगून. भोपाळमध्ये वायुगळतीने हजारो माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना हे उत्तर पुरेसं वाटणं शक्य नाही, मलाही वाटत नाही. हेडलीची गोष्ट वेगळी. त्याने २०१० मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला, आणि त्या कबुलीच्या बदल्यात सरकारी पक्षाने भारतात पाठवणार नाही असा शब्द दिला. पुढे त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. तो व्यवहार होता, कायद्याने केलेला नकार नव्हे.

उरलेलं उद्या लिहिते, सकाळी लवकर मॅटर आहे.

सानपाड्याची मुग्धा | रात्री ११:४८

ताई, मग हेडलीचा साथीदार तहव्वुर राणा कसा आला? त्यानेही शेवटपर्यंत हेच म्हटलं होतं ना, की माझ्यावर अमेरिकेत खटला झालाय?

कोर्टनाका | दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ७:१५

मुग्धा, नेमका प्रश्न विचारलास. एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा उभं करायचं नाही, हे जवळजवळ सगळ्या करारांमध्ये असतं. २०११ मध्ये शिकागोच्या ज्यूरीने मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून राणाला सोडलं होतं आणि दुसऱ्या आरोपांवर दोषी धरलं होतं. त्यामुळे त्याचा बचाव वरवर भक्कम होता: एकदा सुटलो, आता परत नको. अमेरिकेच्या अपील कोर्टाने २०२४ मध्ये भारत-अमेरिका करारातला शब्द तपासला. करारात ‘गुन्हा’ म्हटलंय, ‘कृती’ म्हटलेलं नाही. भारताने लावलेल्या कलमांमध्ये ज्या गोष्टी सिद्ध कराव्या लागतात त्या अमेरिकेतल्या आरोपांपेक्षा वेगळ्या, म्हणून तो गुन्हाही वेगळा. एका शब्दावर ते प्रकरण फिरलं. १० एप्रिल २०२५ ला तो दिल्लीत उतरला.

मी ज्युनिअर्सना हे प्रकरण मुद्दाम सांगते. मागणीत कोणती कलमं घातली, कशी मांडली, यावर सगळं असतं.

आता पारसिकवाला, तुमच्या प्रकरणात सगळ्यात आधी जिथे ठेच लागू शकते ते सांगते. तत्त्वाचं नाव दुहेरी गुन्हेगारी. तुम्ही ज्याला गुन्हा म्हणता तो त्या देशातही गुन्हा असला पाहिजे, आणि साधारण किमान एक वर्ष शिक्षेचा. ठेवीदारांच्या प्रकरणांत आपल्याकडे एमपीआयडी लागतो, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा. तो आपला, आपल्या राज्याचा. लंडनच्या मॅजिस्ट्रेटसमोर नुसतं “एमपीआयडी कलम ३” ठेवलं तर त्याला त्यातून काय कळणार? त्याला गोष्ट सांगावी लागते: या माणसाला माहीत होतं की पैसे परत करता येणार नाहीत, तरी अमुक तारखेला अमुक आश्वासन देऊन त्याने पैसे घेतले आणि अमुक खात्यात वळवले. ही फसवणूक तिकडेही फसवणूकच. कलमाचं नाव जुळायची गरज नाही, वागणं जुळलं पाहिजे.

चेक बाउन्सचं तसंच. तुमच्या ग्रुपवर नक्की कोणीतरी म्हणत असेल की त्याचे चेक वटले नाहीत, तेवढं पुरे. इंग्लंडमध्ये नुसता चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा नाही. देताना फसवायचा हेतू होता हे दाखवलं तर तो होतो.

या तत्त्वाचं टोकाचं उदाहरण चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याचं. १९९८ मध्ये त्याला लंडनमध्ये अटक झाली, स्पेनने मागितला होता. त्याच्या राजवटीत किती लोकांचे हाल झाले हे जगाला ठाऊक होतं. पण देशाबाहेर केलेला छळ ब्रिटनच्या कायद्यात गुन्हा ठरला १९८८ च्या सप्टेंबरअखेर. म्हणून मार्च १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायमूर्तींनी त्याआधीचे बहुतेक सगळे आरोप बाजूला काढले. शेवटी २००० मध्ये प्रकृतीच्या कारणावरून तो घरी गेला. ज्यांची माणसं १९७३-७४ मध्येच नाहीशी झाली होती, त्यांनी तो निकाल कसा ऐकला असेल असं मला अजून वाटतं.

पारसिकवाला | रात्री ८:३०

ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, “म्हणजे आपली तक्रार कशी लिहिली आहे ते बघायला हवं.” तक्रार ग्रुपमधल्या एकाने टाइप केली होती, सगळ्यांनी खाली सह्या केल्या. त्यात “आमची घोर फसवणूक झाली” एवढंच आहे, तारखा नाहीत.

खारघर सेक्टर ३५ | रात्री ९:२०

मी तळोजा जेलपासून फार लांब राहत नाही. गच्चीवरून भिंत दिसते. रविवार सोडून रोज सकाळी भेटीसाठी आलेल्या बायका पोरांना घेऊन बसलेल्या असतात. अबू सालेम बरीच वर्षं याच जेलमध्ये होता.

१२ मार्च १९९३ ला माझा मामा वरळीला सेंच्युरी बाजारजवळ होता. तो घरी आला नाही. त्या दिवशी मुंबईत साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्या स्फोटांतला आरोपी म्हणून सालेमला पोर्तुगालहून आणलं तेव्हा आजी जिवंत होती, तिने देवापुढे साखर ठेवली होती. मग कळलं की त्याला फाशी देता येणार नाही, आणि २५ वर्षांवर ठेवताही येणार नाही, असं आपल्याच सरकारने लिहून दिलंय. आजीला हे कसं सांगायचं कळेना. शेवटी आम्ही सांगितलंच नाही.

मला कायदा समजून घ्यायचाय, पण हे गळ्याखाली उतरत नाही. परक्या देशाने आपल्या कोर्टाचे हात का बांधावेत?

कोर्टनाका | रात्री १०:५०

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मामांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुम्हाला पटलंच पाहिजे म्हणून लिहीत नाही, घडलं कसं तेवढं सांगते.

सालेमला २००२ च्या सप्टेंबरमध्ये लिस्बनला पकडलं. पोर्तुगालने मृत्युदंड एकोणिसाव्या शतकातच काढून टाकलेला. त्यांच्याकडे सर्वांत मोठी शिक्षा २५ वर्षांची. जिथे माणसाला फाशी होऊ शकते किंवा जन्मभर आत ठेवलं जाऊ शकतं, तिथे हमीशिवाय पाठवायला त्यांची राज्यघटनाच आड येते. लिस्बनच्या न्यायाधीशाच्या मनात असतं तरी त्याला देता आलं नसतं. म्हणून १७ डिसेंबर २००२ ला तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या सहीने हमी गेली: फाशी नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. ती गेली म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये तो इथे आला, टाडा, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या, कोर्टात उभा राहिला, २०१७ मध्ये दोषी ठरला. हमी नसती तर खटलाच झाला नसता.

आपल्या स्वतःच्या कायद्यातही याची सोय आहे. प्रत्यार्पण कायद्याचं कलम ३४ क सांगतं की ज्या देशाने माणूस दिला त्याच्या कायद्यात त्या गुन्ह्याला फाशी नसेल, तर आपणही फाशीऐवजी जन्मठेपच द्यायची. आणि ११ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २५ वर्षांची हमी केंद्र सरकारने पाळायची आहे, मुदत १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजायची.

या विचाराचं मूळ १९८९ च्या सोरिंग निकालात आहे. जर्मन तरुण, अमेरिकेत व्हर्जिनियात दुहेरी खुनाचा आरोप, पकडला गेला इंग्लंडमध्ये. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणं हीच अमानुष वागणूक, आणि तिकडे काय होणार हे माहीत असून पाठवणारा देशही तिला जबाबदार. मग फाशीचा आरोप लावणार नाही असं ठरलं, त्याला पाठवलं, दोन जन्मठेपा झाल्या आणि तो तीस वर्षांवर आत राहिला. तो निकाल म्हणजे सुटका नव्हती.

सालेमच्या प्रकरणाची दुसरी बाजू मात्र आपल्याला भोवली. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला त्यांचाच खटला चालवायचा, नवे आरोप चिकटवायचे नाहीत, हाही नियम आहे. आपल्याकडे काही जादा आरोप लागले. पोर्तुगालच्या न्यायालयांनी म्हटलं, अट मोडली. २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते आरोप मागे घ्यायला परवानगी दिली. हमी पाळली नाही तर पुढच्या वेळी कोणता देश आपल्या सहीवर विश्वास ठेवेल? पुढची मागणी कदाचित पारसिकवाल्यांच्या बाबांसाठी असेल.

खारघर सेक्टर ३५ | रात्री ११:१०

ताई, पटलं असं म्हणत नाही. पण समजलं. आजी असती तर तिला आता सांगता आलं असतं बहुतेक.

मासुंदा | सकाळी ६:४५

रोज सकाळी तलावपाळीला फेरी मारून जेलच्या बाजूने परत येतो. शाळेत इतिहास शिकवत होतो, त्यामुळे राहवत नाही.

आपलं ठाणे कारागृह पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आहे. १९ एप्रिल १९१० ला तिथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी. त्याच प्रकरणाच्या धाग्याने इंग्रजांनी लंडनमध्ये सावरकरांना पकडून हिंदुस्थानात पाठवलं. ८ जुलै १९१० ला मार्सेल्सला मोरिया बोटीवरून त्यांनी घेतलेली उडी आपण सगळे शाळेत शिकलो. उडी मारायचीच का, फ्रान्सच्या जमिनीला पाय लागल्याने काय होणार होतं, हे मात्र आपल्याला कोणी नीट सांगितलं नाही.

इंग्रजी साम्राज्याच्या आत एका मुलुखातून दुसऱ्यात आरोपी पाठवायला १८८१ चा कायदा होता. त्यात राजकीय गुन्ह्याला सूट नव्हती. फ्रान्स परका देश. तिथून माणूस मागायचा तर प्रत्यार्पणाची रीतसर मागणी करावी लागली असती, आणि राजकीय आरोपीला आपण देत नाही असं म्हणायची फ्रान्सला मुभा होती. म्हणून ती धडपड. किनाऱ्यावरच्या फ्रेंच शिपायाने पकडून परत बोटीवर सोपवलं. फ्रान्सने नंतर त्यांना परत मागितलं, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल: शिपायाच्या हातून चूक झाली खरी, पण त्यामुळे ब्रिटनवर परत द्यायचं बंधन येत नाही.

घणसोली, आज आपण ज्या नकारावर चिडतो, त्याच नकारासाठी आपल्याच माणसाने समुद्रात उडी घेतली होती. एवढंच मनात आलं ते लिहिलं.

उपवन | सकाळी ९:३०

सर, अंगावर काटा आला. पण मग कोणीही बॉम्ब लावून म्हणेल की माझा गुन्हा राजकीय. आणि बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीना यांचं काय? बांगलादेशात फाशीची शिक्षा सुनावली आहे आणि आपण ठेवून घेतलंय.

मासुंदा | सकाळी १०:१०

पहिल्याचं उत्तर जुनं आहे. १८५४ मध्ये फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला मारायचा कट झाला, आरोपी बेल्जियममध्ये सापडले. बेल्जियमच्या कायद्यात राजकीय गुन्हेगार द्यायचा नाही असं होतं, म्हणून पेच झाला. १८५६ मध्ये त्यांनी कायद्यात भर घातली की राज्याच्या प्रमुखाचा किंवा त्याच्या कुटुंबीयांचा खून राजकीय मानायचा नाही. तिथून यादी वाढत गेली. आज आपल्या कायद्याला एक परिशिष्टच आहे, त्यातले गुन्हे राजकीय समजायचे नाहीत. दुसरं ताई सांगतील.

कोर्टनाका | दुपारी २:०५ (लंच)

हसीना प्रकरणावर मी राजकारण बोलणार नाही, करारात काय आहे ते सांगते. भारत-बांगलादेश करार २०१३ चा. त्यात राजकीय गुन्ह्याला सूट आहे, पण खून त्यातून वगळलाय. म्हणजे तो दरवाजा अरुंद. दुसरं कलम असं की आरोप सद्भावनेने, न्यायासाठी केलेला नसेल तर नकार देता येतो. वाद झाला तर तो याच कलमावर होईल.

हे कलम आपल्याविरुद्धही वापरलं गेलंय. गुलशन कुमार यांचा १९९७ मध्ये अंधेरीत खून झाला. त्या खुनाच्या आरोपावरून संगीतकार नदीम यांना आपण इंग्लंडकडे मागितलं. डिसेंबर २००० मध्ये लंडनच्या हायकोर्टाने नकार दिला, कारण हेच: हा आरोप सद्भावनेने केल्याचं दिसत नाही. माफीच्या साक्षीदारावर रचलेलं प्रकरण त्या कोर्टाला टिकाऊ वाटलं नाही. मी तेव्हा वकिलीत नवी होते. बार रूममध्ये सगळे इंग्रजांना नावं ठेवत होते. आमचे सीनिअर एवढंच म्हणाले, “पेपर वाचलेत का कोणी?”

घणसोली | दुपारी ३:४०

सर, ताई, वाचलं सगळं. सावरकरांचं माहीत नव्हतं असं. पण आपल्या माणसाने काही राजकारण केलेलं नाही. त्याने लोकांचे पैसे खाल्ले. त्याला कोणतं कारण लागू होईल ते सांगा ना.

कोर्टनाका | रात्री १०:२०

घणसोली, सरळ विचारलंत, सरळ सांगते. पैशाच्या प्रकरणांत आपल्या विरोधात सगळ्यात जास्त चाललेला मुद्दा म्हणजे आपली तुरुंगं.

मल्ल्याच्या वेळी २०१८ मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी मुंबईच्या ऑर्थर रोड जेलच्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ मागवला. दिवसाउजेडी काढा म्हणाल्या, खिडकीतून ऊन येतं का दिसलं पाहिजे. आपल्या सरकारने तो पाठवला, त्या डिसेंबरमध्ये प्रत्यार्पणाचा हुकूम झाला. नीरव मोदीसाठीही तीच बराक. त्याने मानसिक आजार आणि आत्महत्येचा धोका मांडला, २०२२ मध्ये हायकोर्टाने तो मुद्दा फेटाळला. म्हणजे दाखवता आलं तर जमतं. (दोघेही इतकी वर्षं तिकडेच, हे मलाही दिसतंय. प्रत्यार्पणाचा निकाल लागल्यावरही आश्रयाचे अर्ज आणि इतर कार्यवाही चालू राहू शकते.)

पण जिथे दाखवता आलं नाही तिथे काय झालं? क्रिकेट सट्टेबाजीच्या प्रकरणात संजीव चावलाला २०१७ मध्ये कोर्टाने सोडलं, कारण तिहारची अवस्था. सरकारने तपशीलवार हमी दिली, निकाल फिरला, २०२० मध्ये तो आला. शस्त्रदलाल संजय भंडारीच्या बाबतीत मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने सोडूनच दिलं. तिहारमध्ये इतर कैद्यांकडून किंवा कर्मचाऱ्यांकडून पैशासाठी धमक्या आणि मारहाण व्हायचा खरा धोका आहे, असं म्हटलं. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात १९९५ मध्ये विमानातून शस्त्रं टाकणारा किम डेव्ही डेन्मार्कचा नागरिक. डॅनिश कोर्टांनी २०११ मध्ये आणि परत २०२४ मध्ये नकार दिला, छळाच्या भीतीने. आपण हमी दिली होती, त्यांना ती पुरेशी वाटली नाही.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अजून तो मंजूर केलेला नाही. समोरचा वकील हे वाक्य दर वेळी उच्चारतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातली तुरुंगं शंभर जागांमागे १३१ कैद्यांनी भरलेली होती. हा आकडाही समोरून येतो. खटल्याची वाट बघत बसलेला साधा कच्चा कैदी त्या गर्दीत झोपतो, तेव्हा आपण कोणी धागा काढत नाही. मग तीच गर्दी लंडनच्या कोर्टात ठकाच्या बाजूने उभी राहते. मला याचा खरोखर त्रास होतो.

सानपाड्याची मुग्धा | रात्री १०:४५

ताई, खारघरकर म्हणाले त्या जेलबाहेर बसलेल्या बायका डोळ्यांपुढे आल्या.

पारसिकवाला | रात्री ११:००

माझ्या मनात कधी आलं नव्हतं की बाबांचे पैसे आणि तुरुंगातली गर्दी यांचा काही संबंध असेल. ताई, अजून एक. ग्रुपवर म्हणतात त्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व विकत घेतलंय. मग संपलंच का?

कोर्टनाका | दुसऱ्या दिवशी, रात्री ९:०५

नाही. कोणत्या देशाचं आणि तो सापडतो कुठे, यावर आहे. काही देश स्वतःचा नागरिक परक्याला देत नाहीत. जर्मनीच्या घटनेतच तसं आहे, युरोपीय संघातले देश आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयं सोडून. चोक्सीने अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं होतं, पण पकडला गेला बेल्जियममध्ये, तिथे ते त्याच्या उपयोगी पडलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँटवर्पच्या कोर्टाने प्रत्यार्पणाला होकार दिला. आणि नागरिक म्हणून नकार मिळाला तरी “मग तुम्हीच खटला चालवा” असं म्हणता येतं. आपल्या कायद्यातही हे आहे, कलम ३४ अ.

आता बाबांसाठी कामाचं. ग्रुपवर पाठवा.

तक्रारीला पुरवणी जबाब द्या. प्रत्येकाने आपापला: कोणत्या तारखेला, कोणी, काय शब्द दिला, पैसे कसे भरले. पुणे, नाशिककडच्या लोकांचे वेगळे गुन्हे असतील तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, म्हणजे मागणीत सगळे येतील. नाहीतर माणूस आल्यावर त्या गुन्ह्यांसाठी परत त्या देशाची संमती मागावी लागेल, सालेमचं झालं ते आठवा.

उशीर करू नका. फार वर्षं लोटली हेही तिकडे नकाराचं कारण होऊ शकतं.

आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवायची सोय १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ३५६ मध्ये आली आहे. फरारी घोषित झालेला आरोपी आणि दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेचा गुन्हा, ही त्यातली मुख्य अट. नुसत्या एमपीआयडीत कमाल शिक्षा सहा वर्षांची, म्हणून विश्वासघाताचं मोठं कलम, जुन्या दंड संहितेचं ४०९, लागलंय का ते विचारा. पण घाई करून चालणार नाही. गैरहजेरीत शिक्षा झालेल्या माणसाला परत पाठवताना ब्रिटनसारखे देश विचारतात की त्याला नव्याने बाजू मांडता येईल का. तशी खात्री नसेल तर तेच नकाराचं कारण होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पैसे परत मिळायला तो माणूस यावाच लागतो असं नाही. एमपीआयडीत सरकार अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करतं, सक्षम प्राधिकारी नेमतं, विशेष न्यायालय ती कायम करून विकायला लावतं आणि ठेवीदारांना वाटप होतं. १०० कोटींच्या वरच्यांसाठी २०१८ चा फरारी आर्थिक गुन्हेगारांचा कायदा आहे, तुमचा आकडा तिथे पोचत नसावा. त्याचे फ्लॅट, पनवेलकडचे प्लॉट, भागीदारांच्या नावावरच्या गाड्या, जे कोणाला माहीत असेल ते लिहून द्या. ठेवीदारांच्या यादीत बाबांचं नाव आणि रक्कम बरोबर चढली आहे का ते आधी बघा. लोक लंडनकडे डोळे लावून बसतात आणि यादीतलं नाव तपासत नाहीत.

पारसिकवाला | रात्री ९:५०

तपासलं. यादीत बाबांचं नाव आहे, पण दुसरी ठेव नाही. ती त्यांनी आईच्या नावाने केली होती आणि आम्हाला सांगितलीच नव्हती. आज सांगितली. बराच वेळ गप्प बसले होते.

पावत्या सापडल्या. गुळगुळीत कागदावर छापलेल्या, अक्षरं पुसट व्हायला लागली आहेत. दोन पावत्यांवरची तारीख उजेडात धरली तरच दिसते. आत्ताच सगळ्यांचे फोटो काढून ठेवले.

कोर्टनाका | रात्री १०:००

मूळ पावत्यांना प्लास्टिक लॅमिनेशन करू नका, उष्णतेने उरलेलंही जाईल. कागदी पाकिटात ठेवा. उद्याच साक्षांकित प्रती करून घ्या आणि आईंच्या नावाचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्या. बँकेचं स्टेटमेंट सोबत. मी साडेदहाला कोर्ट नाक्यावर आहे, अर्ज बघून देते.

घणसोली | रात्री १०:२५

ताई, माझ्या पावत्या पण तशाच आहेत. मी येऊ का?

पारसिकवाला | रात्री १०:३१

या. बाबा म्हणतायत दहालाच भेटू, झेरॉक्सवाल्याकडे रांग असते.